पाण्याचा थेंब घरात टिपताना

थेंबाचे एखादे देखणे छायाचित्र दाखवले की पाहणारा हमखास दोन प्रश्न विचारतो. कॅमेरा कोणता वापरला? आणि असा एक फोटो मिळण्याआधी किती वाया गेले? पहिल्या प्रश्नामागे समजूत अशी की महागड्या कॅमेऱ्याशिवाय हे जमत नाही. दुसऱ्यामागे समजूत अशी की हा सगळा नशिबाचा खेळ आहे. या दोन समजुतींमुळे अनेक जण हा नाद सुरू होण्याआधीच सोडून देतात, म्हणून आधी त्या तपासायला हव्यात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एका ट्रेमध्ये, लिटरभर पाण्यात जे करता येते त्याचा इतिहास जवळपास दीडशे वर्षांचा आहे. त्यामागचे भौतिकशास्त्र आजही संशोधकांना कामाला लावते आणि त्यासाठी लागणारी बरीचशी साधने घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

या लेखात थेंबांच्या छायाचित्रणाचे तीन प्रकार एकत्र पाहू: पडून आदळणारा थेंब, एकमेकांवर आदळणारे थेंब आणि पानावर किंवा फुलावर टेकलेला स्थिर थेंब. शेवटी, असे फोटो निवडताना आणि दाखवताना कोणता प्रामाणिकपणा पाळावा, या प्रश्नाकडे येऊ. माझ्या मते या छंदाचा खरा कस तिथे लागतो.

आधी कोणी पाहिले

क्षणभर चमकणाऱ्या प्रकाशात धावती वस्तू गोठवता येते, हे १८५१ मध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवून दिले. वर्तमानपत्राचा कागद फिरत्या चकतीवर लावला, खोलीत अंधार केला आणि विजेच्या एका ठिणगीच्या उजेडात त्याचे चित्र घेतले. घरी फ्लॅश लावून थेंब टिपणारा आजचा माणूस तत्त्वतः तेच करतो.

थेंबांकडे चिकाटीने पाहणारा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्थिंग्टन. १८७६ पासून त्याचे निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात येऊ लागले. सुरुवातीला त्याच्याकडे छायाचित्रणाची सोय नव्हती. तो अंधाऱ्या खोलीत दुधाचे आणि पाऱ्याचे थेंब पाडी, ठरलेल्या क्षणी ठिणगी पाडी, त्या उजेडात डोळ्याला जे दिसले ते हाताने रेखाटी आणि मग ठिणगी किंचित उशिरा पाडून पुढचा टप्पा रेखाटी. असे टप्प्याटप्प्याने त्याने उडालेल्या थेंबाचे संपूर्ण चरित्र कागदावर उतरवले. थेंब आदळल्यावर कडेने उभे राहणारे द्रवाचे मुकुट त्याच्या चित्रांत सुबक होते, सगळी टोके सारख्या अंतरावर.

१८९० च्या दशकात छायाचित्रे घेणे शक्य झाले आणि त्या सुबकपणाला तडा गेला. खरे मुकुट वाकडेतिकडे होते. एखादे टोक लांब, एखादे तुटलेले, एक बाजू उंच तर दुसरी ठेंगणी. आपण इतकी वर्षे डोळ्यासमोरच्या विसंगती गाळून मनातली आदर्श आकृती कागदावर उतरवत होतो, हे वर्थिंग्टनच्या ध्यानात आले आणि त्याने ते उघडपणे मांडलेही. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस’ या पुस्तकात त्याची छायाचित्रे एकत्र आली. विज्ञानाचे इतिहासकार लॉरेन डॅस्टन आणि पीटर गॅलिसन यांनी वस्तुनिष्ठतेवरच्या आपल्या २००७ च्या ग्रंथात हाच प्रसंग महत्त्वाचा मानला आहे. थेंब आदळल्यावर पाण्यातून वर उसळणारा खांब आजही वर्थिंग्टनच्याच नावाने ओळखला जातो.

त्यानंतरचे मोठे नाव अमेरिकेतील एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांचे. विद्युत अभियंता असलेल्या एजर्टन यांनी वायूच्या नळीतून विजेचा लोट सोडून अतिशय अल्पकाळ चमकणारा दिवा विकसित केला. आजच्या फ्लॅशची मुळे त्यांच्या कामात आहेत. त्यांच्या दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचे कृष्णधवल छायाचित्र १९३६ चे आणि लाल पार्श्वभूमीवरचे प्रसिद्ध रंगीत छायाचित्र १९५७ चे. पहिले न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या १९३७ च्या छायाचित्र प्रदर्शनात मांडले गेले आणि प्रयोगशाळेतली नोंद कलेच्या दालनात पोचली. एजर्टन यांना निर्दोष मुकुट हवा होता आणि त्यासाठी ते वर्षानुवर्षे प्रयत्न करत राहिले. वर्थिंग्टनचा वाकडा मुकुट आणि एजर्टन यांचा देखणा मुकुट या दोन टोकांच्या मध्ये आजचा प्रत्येक हौशी छायाचित्रकार उभा असतो.

थेंब पडताना काय होते

नळाच्या तोंडाशी साचणारे पाणी पृष्ठताणामुळे धरून राहते. वजन वाढले की पाण्याला बारीक मान येते, ती ताणली जाऊन तुटते आणि मोठ्या थेंबामागून त्या मानेचा एक चिमुकला थेंबही खाली येतो. अश्रूच्या आकाराचा टोकदार थेंब आपण चित्रांत पाहतो, पण तुटून निघालेला थेंब हवेत तसा राहत नाही. पृष्ठताण त्याला लगेच गोल करू पाहतो.

तो लगेच शांतही होत नाही. तुटण्याच्या झटक्याने तो कधी चपटा तर कधी उभट होत थरथरत राहतो. ०.०५ मिलिलिटरचा, म्हणजे सुमारे ४.६ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण ३५ वेळा असा थरथरतो. ४० सेंटिमीटर खाली येईतो त्याचा वेग सेकंदाला २.८ मीटर झालेला असतो. त्या वेगाने साधारण ४ सेंटिमीटर अंतरात चपटा थेंब उभट होतो. घरच्या छायाचित्रणात हा हिशेब फार उपयोगी पडतो. काल उत्तम मिळालेला आकार आज का मिळत नाही याचे उत्तर अनेकदा इथे असते: उंची तीन-चार सेंटिमीटरने बदललेली असते आणि थेंब वेगळ्या अंगाने पाण्याला भिडत असतो. म्हणून उंची अंदाजाने ठरवू नये, फूटपट्टीने मोजून लिहून ठेवावी.

आदळल्यानंतर काय घडते ते खालच्या पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. ताटलीत दोन-तीन मिलिमीटरचा पातळ थर असेल तर कडेने पाण्याची भिंत उभी राहते, तिच्या काठावर टोके येतात आणि टोकांपासून बारीक थेंब सुटतात. हाच मुकुट. तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास टिकतो. पाणी चार-पाच सेंटिमीटर खोल असेल तर आधी खड्डा पडतो, मग चारही बाजूंचे पाणी त्यात धावून येते आणि मधून खांब वर उसळतो. त्याच्या माथ्यावरून बहुधा एक थेंब सुटतो. हा सगळा प्रकार सेकंदाच्या एक-दशांश भागाच्या आगेमागे उरकतो.

इतक्या साध्या घटनेतही नवे सापडत राहते. २००५ मध्ये शिकागो विद्यापीठातील लेइ शू, वेंडी झांग आणि सिडनी नागेल यांनी दाखवले की कोरड्या गुळगुळीत काचेवर आपटणाऱ्या थेंबाभोवतीच्या हवेचा दाब पुरेसा कमी केला तर तुषार उडतच नाहीत. २०१८ मध्ये केंब्रिजमधील अनुराग अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळक्या नळाच्या ‘टप्प’ आवाजाचा उगम शोधला. खड्ड्याच्या तळाशी अडकलेला हवेचा बुडबुडा थरथरतो आणि पाण्याचा पृष्ठभाग हलवून तो आवाज हवेत पाठवतो. भांडी घासायच्या साबणाचे द्रावण पाण्यात मिसळले की आवाज थांबतो, हेही त्यांनी नोंदवले. हा प्रयोग तर कुणालाही घरी करून पाहता येईल.

थेंब गोठवतो तो प्रकाश

आता कॅमेऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. सेकंदाला २.८ मीटर वेगाने जाणारा थेंब १/२५० सेकंदात ११ मिलिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक. १/४००० सेकंदात तो ०.७ मिलिमीटर सरकतो, १/२०,००० सेकंदात जेमतेम ०.१४ मिलिमीटर. जवळून घेतलेल्या छायाचित्रात ०.७ मिलिमीटरचा धूसरपणाही सहज दिसतो. हवा तितका कमी वेळ बहुतेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर देऊ शकत नाही आणि दिला तरी फ्लॅशबरोबर वापरता येत नाही. १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या पलीकडे शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. फक्त एक फट चौकटीवरून सरकत जाते.

यावरचा उपाय टॅलबटच्याच काळातला आहे. खोली अंधारी करायची, शटर सावकाश चालू द्यायचे आणि गोठवण्याचे काम फ्लॅशकडे सोपवायचे. पूर्ण ताकदीवर अनेक स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश) सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ चमकतात. ताकद १/१६ वर आणली की हा काळ साधारण १/१०,००० सेकंदावर येतो आणि १/६४ किंवा १/१२८ वर तो १/२०,००० च्याही खाली जातो. कारण या फ्लॅशमध्ये ताकद कमी करणे म्हणजे चमक लवकर तोडणे. काही स्टुडिओ लाइटमध्ये मात्र उलटे घडते, तिथे ताकद कमी केल्यावर चमक लांबते. म्हणून या कामासाठी मोठ्या स्टुडिओ दिव्यापेक्षा हातात मावणारा जुना स्पीडलाइट अनेकदा सरस ठरतो.

कमी ताकद म्हणजे कमी उजेड. त्यावर फ्लॅश जवळ आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो. दोन सारखे फ्लॅश असतील तर फारच सोयीचे. ‘हाय-स्पीड सिंक’ नावाची सोय मात्र बंद ठेवावी. त्यात फ्लॅश एकदा चमकण्याऐवजी भराभर धडधडत राहतो आणि गोठवण्याचा गुणच निघून जातो.

एक चाचणी प्रत्येकाने करावी. १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २०० अशी मांडणी करून फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्यावा. तो पूर्ण काळा यायला हवा. त्यात काहीही दिसत असेल तर खोलीतला उजेड थेंबाची धूसर शेपटी उमटवणार हे नक्की. पडदे ओढावेत, दिवा मालवावा आणि मगच पुढे जावे.

छिद्राचा आकडा ठरवताना ओढाताण होते. अर्ध्या आकारमानाच्या मॅक्रो चित्रात, फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, एफ/११ ला स्पष्टतेची खोली सुमारे ४ मिलिमीटर मिळते, म्हणजे जवळपास थेंबाएवढीच. पूर्ण आकारमानात ती सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरते. छिद्र फारच लहान केले तर विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. एफ/८ ते एफ/१६ च्या दरम्यान बहुतेकांचे काम होते. फोकस आपोआप ठेवू नये. थेंब जिथे पडतो तिथे फूटपट्टीवर एक स्क्रू उभा ठेवावा, त्यावर हाताने फोकस करावा, मग स्क्रू काढून घ्यावा.

मोबाइलवाल्यांसाठी

वरचे सगळे वाचून ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्याने निराश होऊ नये, पण क्षण शहाणपणाने निवडावा. सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो-मोशनमध्ये दोन चौकटींच्या मधल्या वेळात पडता थेंब जवळपास १२ मिलिमीटर पुढे जातो. मुकुट पकडणे त्यामुळे अवघड. उसळलेला खांब मात्र माथ्यावर पोचताना मंदावतो आणि क्षणभर त्याचा वेग शून्याच्या जवळ येतो. मोबाइलने टिपायचा क्षण हाच.

उजेडासाठी गच्चीवरचे किंवा गॅलरीतले थेट ऊन वापरावे. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० वर एफ/१६ आणि १/१०० सेकंद, हा फिल्मच्या काळापासूनचा हिशेब. त्याच हिशेबाने कॅमेऱ्यात एफ/८ आणि आयएसओ १००० वर १/४००० सेकंद मिळतो. अगदी जवळून टिपताना साधारण दुप्पट उजेड जास्त लागतो, तो आयएसओ वाढवून भरून काढावा. मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटरचा वेळ हाताने ठरवता येत असेल तर तोच कमी करावा. घरातल्या एलईडी दिव्यांवर भिस्त ठेवू नये. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात आणि मोबाइलच्या चित्रात आडवे पट्टे उमटतात.

थेंब सोडायचा कसा

नशिबाचा प्रश्न इथे सुटतो. थेंब प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच उंचीवरून, त्याच आकारात पडला पाहिजे. हाताने ड्रॉपर दाबला तर यातले काहीच हमखास होत नाही. पिशवीला टाचणीने भोक पाडून टांगणे हा प्रचलित उपाय आहे, सुरुवातीला चालतोही, पण पिशवी रिकामी होत गेली की थेंबांची लय मंदावते. शंकराच्या पिंडीवर टांगली जाणारी गळती ज्यांनी पाहिली आहे त्यांना एका जागी सारखे थेंब पाडणारी रचना किती साधी असू शकते हे वेगळे सांगायला नको. तांब्याचे पात्र, तळाला बारीक छिद्र आणि वर भक्कम आधार, एवढेच.

सर्वांत सोयीचा आहे औषधाच्या दुकानातला सलाइनचा नवा संच. त्याच्या चाकाने थेंबांचा वेग मिनिटाला हवा तितका ठेवता येतो. सुई वापरायची नाही, ती उघड्यावर टाकायचीही नाही. संचावर ‘१ मिलिलिटर म्हणजे २० थेंब’ असे छापलेले असते. हा आकडा वरच्या पारदर्शक कोठडीत पडणाऱ्या थेंबांचा असतो. खालच्या नळीच्या तोंडाशी थेंब वेगळ्या आकाराचा होऊ शकतो. खात्री करायची तर १०० थेंब वाटीत जमवून स्वयंपाकघराच्या काट्यावर तोलावेत. ५ ग्रॅम भरले तर एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा.

बाटली रिकामी होताना वेग बदलू नये यासाठी सतराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारिओत याच्या नावाची बाटली वापरतात. झाकण घट्ट बंद करायचे आणि त्यातून एक बारीक नळी पाण्यात खोलवर सोडायची. हवा फक्त त्या नळीतून येते, त्यामुळे नळीचे खालचे टोक बुडालेले असेतोवर बाहेर पडणाऱ्या पाण्यावरचा दाब सारखा राहतो. घरातली जाड प्लॅस्टिकची बाटली, एक स्ट्रॉ आणि थोडा एम-सील यांतून ती तयार होते.

बटण कधी दाबायचे? ४० सेंटिमीटर उंचीवरून पडायला थेंबाला सुमारे ०.२९ सेकंद लागतात. माणसाला दिसल्यावर बोट हलवायला साधारण ०.२ सेकंद लागतात, त्यात कॅमेऱ्याचा उशीर मिळवला की थेंब सुटताना दिसताच दाबलेले बटण जवळपास आदळण्याच्या वेळी काम करते. मात्र बोटाची वेळ दरवेळी सेकंदाच्या काही शतांशांनी मागेपुढे होते. मुकुटाचे आयुष्यच त्याहून कमी, खांबाचे त्याहून अधिक. म्हणून हाताने टिपणाऱ्यांच्या संग्रहात खांब भरपूर आणि मुकुट विरळ असतात.

भांडे, पार्श्वभूमी, द्रव

काळा किंवा गडद ट्रे काठोकाठ भरावा, म्हणजे जवळचा काठ चित्रात येत नाही आणि पाण्याचा पृष्ठभाग अखंड दिसतो. स्टीलच्या परातीत घरभराची प्रतिबिंबे येतात, ती टाळावी. फ्लॅश थेट थेंबावर मारण्यापेक्षा मागे बटर पेपर किंवा पांढरे ॲक्रिलिक उभे करून त्यावर मागून मारावा. पाणी पारदर्शक असल्याने त्याचा आकार दिसतो तो त्यातून वळलेल्या प्रकाशामुळे. पार्श्वभूमी उजळ आणि कडा गडद अशी रचना झाली की थेंब उठून दिसतो. फ्लॅशवर रंगीत जिलेटीनचा कागद लावला तर पाण्यात रंग न मिसळताही रंगीत चित्र मिळते.

दूध अपारदर्शक असल्याने मुकुटाची घडण स्पष्ट दाखवते. एजर्टन यांनी ते वापरले ते याच गुणामुळे. ग्लिसरीन मिसळले की द्रव दाट होतो, आकार अधिक गुळगुळीत येतात आणि बारीक तुषार कमी उडतात. गवारीच्या बियांपासून मिळणारा गवार गम हेच काम स्वस्तात करतो. लिटरमागे ग्रॅमभरापासून सुरुवात करावी, रात्रभर भिजवून फडक्यातून गाळावा, नाहीतर गुठळ्या चित्रात दिसतात. साबणाने पृष्ठताण उतरतो आणि सगळेच आकार बदलतात, तेव्हा नुसत्या पाण्याचा अभ्यास करायचा असेल तर ट्रे आधी स्वच्छ विसळून घ्यावा.

काही गोष्टी गंभीरपणे सांगायला हव्यात. फ्लॅशच्या आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्टचा भार साठलेला असतो. तो घरी उघडू नये. विजेचे अडॅप्टर आणि ट्रे यांच्यात भरपूर अंतर ठेवावे. आणि भरलेले ट्रे गॅलरीत तसेच ठेवू नयेत. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. काम संपले की साधे पाणी कुंड्यांना घालावे.

थेंबावर थेंब

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे गेला आहे. विजेवर उघडझाप करणारी झडप पहिला थेंब सोडते, ठरलेल्या मिलिसेकंदांनी दुसरा, आणि ठरलेल्या क्षणी नियंत्रक फ्लॅश उडवतो. पहिल्या थेंबाचा खांब वर येत असताना दुसरा त्याच्या माथ्यावर आपटतो आणि छत्रीसारखा पसरतो. अमेरिकेतील मार्टिन वॉ, कॅनडातील कोरी व्हाइट आणि जर्मनीतील मार्कुस रॉयगेल्स यांच्या कामामुळे हे आकार जगभर माहीत झाले. तयार संच बाजारात मिळतात. आर्डुइनोसारखा छोटा नियंत्रक बोर्ड हाताळता येणारा विद्यार्थी झडप, ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर घेऊन स्वतःचा संच बनवू शकतो.

मी अशा संचाच्या बाजूने आहे. यंत्राने वेळ सांभाळली म्हणजे माणसाचे कौशल्य संपले, असा आक्षेप घेतला जातो. पण वर्थिंग्टननेही ठिणगीची वेळ यंत्रानेच ठरवली होती. वेळ हातात आली की खरे प्रयोग सुरू होतात. बाकी सगळे कायम ठेवून फ्लॅश ५ मिलिसेकंदांनी पुढे सरकवत गेले तर वेगवेगळ्या थेंबांच्या छायाचित्रांतून एकाच घटनेची क्रमवार गोष्ट उलगडते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी याहून सुंदर आणि कमी खर्चाचा प्रकल्प मला तरी सुचत नाही.

पानावरचा थेंब

ज्याला फ्लॅश आणि वेळेच्या हिशेबात पडायचे नाही त्याच्यासाठी स्थिर थेंबांचे दालन खुले आहे आणि ते कमी दर्जाचे मुळीच नाही. अळवावरचे पाणी सर्वांच्या परिचयाचे. पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे आणि मेणामुळे पाण्याला पान भिजवता येत नाही आणि थेंब जवळपास पूर्ण गोल राहतो. कमळाच्या पानाचा हाच गुण बॉन विद्यापीठातील विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ च्या निबंधात सविस्तर मांडला. परसातले किंवा कुंडीतले अळू ही आपल्याला आयती मिळालेली प्रयोगशाळा आहे. पहाटे अळवाच्या टोकाशी लोंबणारा थेंब पुष्कळदा दवाचा नसतो, पानाने स्वतः बाहेर टाकलेल्या पाण्याचा असतो. छायाचित्राखाली ‘दवबिंदू’ लिहिण्याआधी शेजारच्या पानांवरही दव आहे का ते पाहावे.

थेंबात उमटणारे फूल हा या दालनातला सर्वांत आवडता विषय. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने गोल थेंब भिंगाचे काम करतो आणि मागच्या वस्तूची उलटी प्रतिमा देतो. ही प्रतिमा थेंबाच्या आत नसते. ४ मिलिमीटर व्यासाच्या थेंबात दूरच्या वस्तूची प्रतिमा थेंबाच्या केंद्रापासून साधारण ४ मिलिमीटर कॅमेऱ्याच्या बाजूला तयार होते. थेंबाची कडा केंद्राच्या पातळीवर असते. त्यामुळे फुलावर फोकस केला की कडा धूसर होते आणि कडेवर केला की फूल. दोन्ही हवे असतील तर छिद्र एफ/११ च्या आसपास ठेवावे आणि आकारमान थोडे कमी करावे, किंवा फोकस बदलत घेतलेली चित्रे एकत्र जोडावीत. मागे फुलाऐवजी छापील चित्र ठेवायचे असेल तर ते उलटे ठेवावे, म्हणजे थेंबात सुलटे दिसेल. साधे पाणी उन्हात लवकर उडून जाते. निम्मे ग्लिसरीन मिसळून बारीक फवारले तर थेंब पुष्कळ वेळ टिकतात.

निवडीचा प्रश्न

आता वर्थिंग्टनकडे परत जायला हवे. त्याने चित्रे काढताना जे नकळत केले ते आपण आज छायाचित्रे निवडताना समजून-उमजून करतो. शेकडो चौकटींतून एक सममित मुकुट ठेवतो, वाकडे पुसून टाकतो, राहिलेल्या चित्रातले चुकार तुषारही संगणकावर खोडतो. पाहणाऱ्याला वाटते पाणी असेच उडते. कॅमेऱ्याने सव्वाशे वर्षांपूर्वी मोडून काढलेला समज अशा रीतीने कॅमेऱ्यानेच पुन्हा पक्का होतो.

सुंदर चित्र निवडण्यात गैर काहीच नाही. सौंदर्याच्या ओढीनेच माणूस रात्री अंधाऱ्या स्वयंपाकघरात ट्रे मांडून बसतो. पण चित्राखाली चार गोष्टी लिहाव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते: द्रव कोणता, उंची किती, एकच चौकट आहे की अनेक जोडल्या आहेत, आणि काय पुसले आहे. गवार गम घातलेल्या पाण्याला नुसते ‘पाणी’ म्हणू नये. दोन थेंबांची चित्रे एकत्र केली असतील तर तसे सांगावे. याने चित्राचे मोल कमी होत नाही, पाहणाऱ्याचा विश्वास मात्र वाढतो.

आता संगणकाला चार शब्द सांगितले की निर्दोष मुकुटाचे चित्र क्षणात तयार होते. सुबकपणात त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ उरलेला नाही. घरी काढलेल्या छायाचित्राजवळ एक गोष्ट आहे जी त्या चित्राजवळ नाही. हा थेंब खरोखर पडला होता. त्याची उंची, त्याचे वजन, त्या द्रवाचा दाटपणा, फ्लॅशचा काळ हे सारे मोजता येते. वाकड्या मुकुटाला तर अधिकच किंमत येते, कारण तो का वाकडा झाला याचे कारण शोधता येते: ट्रे कलता होता, आधीच्या थेंबाच्या लाटा शमल्या नव्हत्या, पंख्याचा वारा लागत होता की थेंब चपट्या अंगाने आदळला.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी जो कॅमेरा किंवा मोबाइल हाताशी आहे तोच घ्यावा. पहिला खर्च सलाइनच्या संचावर आणि दुसरा जुन्या स्पीडलाइटवर करावा. झडप आणि नियंत्रक पुढच्या वर्षीही चालतील. एका बैठकीत एकच गोष्ट बदलावी, उंची तर उंची, खोली तर खोली. दोन थेंबांमध्ये पाणी शांत होऊ द्यावे. शेजारी वही ठेवावी आणि प्रत्येक मांडणीचे आकडे लिहावेत. बिघडलेल्या चौकटी निदान काही दिवस तरी ठेवाव्यात आणि त्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. छायाचित्र आणि वही सोबत असली तर दुसऱ्या घरातला दुसरा कुणीही तीच उंची, तोच द्रव आणि तीच वेळ घेऊन तपासू शकतो की त्याच्याकडचे पाणीही तसेच वागते का. असे तपासणारे दहा-वीस जण मराठीत आपापल्या नोंदी मांडू लागले तर या छंदातून आपल्या भाषेत निरीक्षणाची एक चांगली परंपरा उभी राहील.